बारावे माप

वाशीम,
१४ एप्रिल १९५७

चि. मोहनसिंग राठोड यास जगदेव इंगोले याचे आशीर्वाद पोचावेत.

तुझे सांत्वनाचे पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तरास विलंब झाला तो आळसाने नव्हे. जे लिहावयाचे ते लिहिण्याजोग्या वाक्यांत बसेना. ललिता गेली त्या आठवड्यात तू व सौ. रुपाबाईंनी रुग्णालयात ज्या फेऱ्या घातल्या, त्यांची परतफेड होणे नाही आणि आभार मानणे अपुरे आहे. म्हणून तो विषय येथेच सोडतो.

मला प्रयोगशाळेतून दसऱ्यापर्यंत रजा मिळाली आहे. गोमती मेडशीस आजोळी आहे. दिवाळीस ती आजीकडे आली होती. पुढे ललितेस विषमज्वर झाला आणि गोमतीस बंगळूरला परत नेण्याचा योग आला नाही. मी वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर खोली घेतली असून दर रविवारी मोटारीने मेडशीस जातो. तेथेच राहावे असा सासूबाईंचा आग्रह आहे. परंतु मेडशीत बॅटऱ्या भारून मिळत नाहीत. येथे एका कापसाच्या जिनाच्या आवारात मिळतात. आणि कामावाचून मला बसवत नाही.

तुझ्या हाताखाली आलेल्या दोघा नव्या मदतनिसांना आपले काम समजत नाही असे तू लिहितोस. त्यांना हे वाचून दाखव. विमानाचा पंख वाऱ्याच्या झोतात थरथरतो. त्याच्या बारा जागी पडणारा ताण आपल्याला एकाच क्षणाचा हवा आहे. पण नोंद करणारी लेखणी एक. ती बारा मापे एकामागून एक लिहिणार. तोवर पंख हलून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक जागेसाठी एक मंडल, ज्यास तुम्ही सर्व सर्किट म्हणता, असे हवे की जे त्या क्षणी दार उघडून ताणाचा विद्युत्दाब कंडेन्सरमध्ये घेईल, लगेच दार लावील, आणि लेखणी येईपर्यंत तो दाब जसाच्या तसा धरून ठेवील. पहिल्या मापाला फार थांबावे लागत नाही. खरी परीक्षा बाराव्याची. एवढेच काम आहे, आणि ते अवघड आहे.

एक खाजगी विनंती. गोमतीस अद्याप सांगितलेले नाही. ती पाच वर्षांची आहे. आई बंगळूरला दवाखान्यात आहे, बरी होत आहे, असे तिला सांगण्यात येते. ही व्यवस्था तात्पुरती असून माझ्या मते मुलीच्या हिताची आहे. तू दरमहा एखादे चन्नपट्टणचे लाकडी खेळणे आईकडून म्हणून तिच्या नावे पाठवीत जा. पार्सलावर बंगळूरचाच शिक्का हवा. मेडशीचा पोस्टमन सर्वांना तो वाचून दाखवितो.

तुझा शुभचिंतक,
जगदेव इंगोले

*

बंगळूर,
३ मे १९५७

आदरणीय सर, मोहनसिंगचा रामराम घ्यावा.

तुमचा परिच्छेद दोघांना वाचून दाखवला. त्यातला एक म्हणाला, "हे असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." मग मी दोन महिने काय भजन म्हणत होतो?

गोमतीसाठी हत्ती पाठवला आहे. निवड रुपाची. तिला कानडीचा एक शब्द येत नाही, दुकानदाराला मराठीचा. तरी भांडण अर्धा तास उत्तम चालले. "लेकरू सोंड तोंडात घालीन, रंग निंगते का सांग," हे तिने त्याला इतक्यांदा सांगितले की शेवटी त्याने स्वतःच सोंड चाटून दाखवली. पार्सल बांधताना मात्र तिने गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. इथल्या नाचणीच्या गोळ्यांना सध्या नावेही ठेवत नाही. एरवी रोज विचारते, हे खायचे की कुणाला फेकून मारायचे.

तुमच्या आकृतीप्रमाणे एक कप्पा, म्हणजे एका मापाचे मंडल, उभा केला. दार लावल्यावर मीटरची सुई जिथे होती तिथेच राहिली. बाराव्या मापाची वेळ झाली तरी हलली नाही. एकच शंका. कंडेन्सर ज्या बेकलाइटच्या पट्टीवर बसवतो, तिच्याऐवजी टोकांखाली काचेचे मणी द्यावेत का?

मुख्य साहेबांनी सांगितले आहे की पंखाची चाचणी दसऱ्याच्या सुमारास होईल. तोवर बाराही कप्पे उभे राहिले नाहीत तर ते यंत्र बाहेरून मागवतील आणि आपला विभाग मोडतील. तुमची खुर्ची कुणाला देऊ नये म्हणून मी तिच्यावर रोज तारांची भेंडोळी ठेवून घरी जातो.

तुमचा,
मोहनसिंग

*

वाशीम,
८ जून १९५७

चि. मोहनसिंग यास आशीर्वाद.

हत्ती पोचला. गोमतीने त्यास गावभर मिरविले आणि रात्री उशाशी घेतले. "माह्या आईनं धाडला," असे ती प्रत्येकास सांगते. तिची भाषा आता पूर्ण वऱ्हाडी झाली आहे; त्याबद्दल नंतर पाहता येईल. माझ्या व्यवस्थेचे फळ चांगले दिसते. पुढील महिन्यात बाहुली पाठव.

येथील खोलीत मीही एक कप्पा बांधला आहे. ऊन असे आहे की टेबलाच्या कडेला हात टेकवत नाही. तरीही सुई ढळत नाही. सायंकाळी मी दार लावून घेतो, दाब कोंडतो आणि ती सुई पाहत बसतो. सध्या मला झोप येते ती तिच्यामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तस्मात् काचेच्या मण्यांची आवश्यकता नाही. सुईची तुझी वाचने व माझी वाचने जुळतात. जे सिद्ध झाले त्यावर आणखी दागिने कशास? बाराही कप्पे साध्या बेकलाइटवर बांधावयास घे. मुख्य साहेबांना मी तसे लिहून कळविले आहे.

जगदेव इंगोले

*

बंगळूर,
२ जुलै १९५७

आदरणीय सर, रामराम.

बाहुली काल टपालात दिली. पट्ट्या तुमच्या आज्ञेप्रमाणे बेकलाइटच्याच. चार कप्पे उभे झाले. सुई पूर्वीसारखीच आहे. अगदी पूर्वीसारखीच. मुख्य साहेब खूश आहेत.

रुपाला दिवस गेले आहेत. ती विचारते, गोमतीला कधी सांगणार? मी तिला म्हटले, सर विचार केल्याशिवाय काही करत नाहीत.

इथे झिमझिम चालू आहे. कामाची घाई आहे म्हणून एवढेच.

मोहनसिंग

*

वाशीम,
२५ जुलै १९५७

चि. मोहनसिंग यास आशीर्वाद. रुपाबाईंची वार्ता वाचून समाधान वाटले. त्यांना जपावे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडत आहे. माझ्या कप्प्याची सुई उभी राहत नाही. दाब कोंडला की ती डोळ्यांदेखत उतरू लागते. बाराव्या मापापर्यंत निम्मेही उरत नाही. जून अखेरीपर्यंत असे नव्हते. मी व्हॉल्व्ह बदलला, बॅटऱ्या पुन्हा भारून आणल्या, सांधे नव्याने जोडले. तुझ्याकडील वाचने स्थिर आहेत, त्या अर्थी आराखडा निर्दोष आहे व दोष माझ्या हातांत आहे. अलीकडे मला विसरही पडतो. परवा चहात मीठ घातले आणि पिऊन झाल्यावर कळले.

गोमतीने मला चिंतेत टाकले आहे. बाहुली आली त्या रविवारी मी मेडशीस होतो. तिने पार्सल उघडले आणि मला प्रश्न केला, तो तिच्याच शब्दांत देतो.

"आई बजारात जाते?"

"जाते."

"बाहुली घेते, डब्ब्यात बांधते, टपालात टाकते?"

"होय."

"मंग तिले मोटारीत बसता येत नाई?"

मी म्हणालो, डॉक्टर परवानगी देत नाहीत. ती म्हणाली, "बजारात जाची देते आन् घरी याची नाई?" आणि उठून तिने ती बाहुली चुलीत घातली. मी तिला शिक्षा म्हणून दिवसभर ओसरीत बसविले. आजीच्या लाडाने मुलगी हट्टी व कुतर्की होत चालली आहे. पुढील खेळणे अधिक चांगले निवडावे. बहुधा बाहुलीचा चेहरा तिला आवडला नसावा.

जगदेव इंगोले

*

मेडशी,
१० ऑगस्ट १९५७

जवाईबापूले तुळसाबाईचा आशीर्वाद. सांगनारी मी हाव, लिहिनारा मारोती हाय. मधात त्यानं आपली अक्कल घातली तर ते माही समजू नका. (मी काही घातलेले नाही, भाऊजी. — मारोतराव)

तुमी दोन रविवार आले नाई. काम असन. पन पोट्टी धड जेवत नाई हे तुमाले सांगाले पाह्यजे. मोटारीचा आवाज आला का फाटकात जाऊन उभी राह्यते. मंग वापस येते आन् मले इचारते, "आजी, माहं काय चुकलं वं?" मी म्हनलं, कोनाचं चुकलं? तर म्हनते, "आईचं मी काई चुकलो असन. ती बरी हाय, बजारात फिरून राह्यली, पन मले नेत नाई." आता याले मी काय म्हनू? तुमी म्हनसान हट्ट हाय. हट्ट करनारं लेकरू मागते, बापू. हे काईच मागत नाई.

दुसरं. भादव्यात अहेव नवमी येते. माही लेक कपाळावर कुंकू घेऊन गेली. तिच्या नावानं तुमच्या हातून एक सवासीन जेवाले बसली पाह्यजे. ते कराचं का नाई कराचं? कराचं तर पान कोनासाठी मांडलं म्हून पोरगी इचारीन. तिले काय सांगू ते तुमीच सांगा. मले तर आता खोटं आठवतबी नाई, काल काय सांगलं अन् परवा काय सांगलं.

गावाले तुमी म्हनलं तसं बजावून ठेवलं, पोरीपुढं बोलू नका. गाव ऐकते. पन मी ललिताची माय हाव. घरात मोकळं रडली नाई मी अजून. निंदाले जातो तवा वावरात रडतो. संगच्या बाया तोंड फिरवून घेतात, त्याइचे उपकार.

तुमी शिकेल मानूस. तुमचं चुकत असन असं मी म्हनत नाई. (आईचा चेहरा म्हणतो आहे, भाऊजी. मी पाहतो आहे. — मारोतराव)

कागद भरला म्हनते हा. बोलनं भरलं नाई.

तुळसाबाई

*

वाशीम,
२१ ऑगस्ट १९५७

श्रीयुत मोहनसिंग राठोड यांस,

गेल्या सोमवारी मी स्वयंपाकाची शेगडी टेबलाखाली ठेवून माझ्या कप्प्याची पट्टी चांगली शेकली. सुई उन्हाळ्यात उभी राहत असे तशी उभी राहिली. शेगडी काढून खिडकी उघडली. पट्टी ओल्या हवेत निवत गेली तशी सुई पुन्हा घसरली. हा प्रयोग मी सर्व आठवडा केला व प्रत्येक वेळी तेच घडले.

दोष माझ्या हातांत नव्हता. आमच्या हवेत होता. वऱ्हाडच्या वैशाखात ओले धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळते. त्या कोरड्या हवेत मी बेकलाइटला वीज न पाझरू देणारा सज्जन ठरविले. दमट हवेत त्याच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारी ओल बसते आणि कंडेन्सरमध्ये कोंडलेला भार तिच्यावरून पाझरून जातो. काचेचे मणी नाकारले ही माझी चूक आहे आणि ती मी मुख्य साहेबांना कळवीन.

परंतु बंगळूरची हवा वाशीमहून कोरडी नाही. तेथे झिमझिम चालू असल्याचे आपणच लिहिले आहे. तरीही आपली सुई "अगदी पूर्वीसारखीच" राहिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आपण वाचने घेतली नाहीत, किंवा घेतली व मला दुसरी लिहून पाठविली. आपला स्वभाव मी जाणतो. आपण वाचने घेतलीच असणार.

आपल्या आकड्यांवर विश्वासून मी महिनाभर माझ्या बोटांवर, माझ्या डोळ्यांवर, आणि स्पष्टच लिहितो, माझ्या बुद्धीच्या स्वास्थ्यावर संशय घेतला. माझेच काही चुकत आहे या एका विचाराने मला घेरले होते. पण हे गौण आहे. लेखणीच्या क्रमात पंखाच्या बुंध्याकडील मापे शेवटी येतात व ताण तेथेच सर्वांत अधिक असतो. ती मापे गळून कमी आली तर पंख आहे त्याहून मजबूत ठरेल. त्या पंखाच्या भरवशावर एक माणूस वर जाणार आहे.

दुःखी माणसाला सांभाळावे म्हणून आकडे बदलण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

कौटुंबिक बाबींविषयी लिहिण्याची ही वेळ नव्हे.

जगदेव इंगोले

*

बंगळूर,
३० ऑगस्ट १९५७

सर,

तुमचे पत्र मी रुपापुढे वाचले नाही. तिने माझे तोंड वाचले.

आकडे मी बदलले. जूनच्या शेवटी पहिल्यांदा सुई घसरली. खरे लिहायला बसलो, तर समोर तुमचे पत्र होते, सुई स्थिर असते म्हणून झोप येते असे लिहिलेले. माझा हात पुढे गेला नाही. म्हटले, आठ दिवसांत उपाय काढू आणि मग सांगू. आठ दिवसांत उपाय निघाला नाही, आणि एकदा लिहिलेला आकडा पुढच्या आकड्याला धरून ठेवतो. यात माझी बाजू काही नाही. उद्या सकाळी खरी वाचने घेऊन मुख्य साहेबांकडे जातो. ते मला काय बोलतील ते ठाऊक आहे आणि ते बरोबरच बोलतील. तुमच्या खुर्चीचे काय होईल ते मात्र सांगता येत नाही.

पण अधिकार कोणी दिला असे तुम्ही विचारले आहे, सर, आणि मी तुमचा विद्यार्थी आहे. प्रश्न विचारला तर उत्तर देतो. तुम्हीच दिला. दर महिन्याला मी बाजारात जातो, खेळणे घेतो आणि जी बाई या जगात नाही तिच्या नावाने ते पाठवतो. तिला खांदा देणाऱ्यांत मीही होतो. हत्तीच्या पार्सलावर पत्ता घालायला मला अर्धा तास लागला. बाहुलीच्या वेळी पाच मिनिटे लागली. जुलैमध्ये तुम्हाला खोटा आकडा लिहिला तेव्हा लेखणी थांबलीच नाही.

गोमती कुतर्की नाही. आपण तिला जी वाचने दिली त्यांच्यावर तिचा तर्क अगदी बिनचूक आहे. आई हिंडते-फिरते, खरेदी करते, फक्त माझ्याकडे येत नाही. यातून तुम्ही दुसरा कोणता निष्कर्ष काढला असता? तुम्हाला महिनाभर जे वाटले, माझेच काही चुकते आहे, ते त्या पोरीला वाटत नसेल कशावरून?

या महिन्याचे पार्सल गेलेले नाही. रुपाने बांधले नाही. म्हणाली, "माह्या पोटात लेकरू हाय. मी कोन्याच लेकराले आता खोटं बांधून धाडनार नाई. तुमच्या सरले राग आला तं येऊ द्या, ते काय मले परीक्षेत नापास करनार हाय?" तिचे हे शब्द लिहू नकोस म्हणाली नाही, म्हणून लिहिले.

आता कामाचे. खरे आकडे समोर मांडल्यावर एक सुचले. ओल थांबवता येत नसेल तर थांबवू नये. कंडेन्सरच्या टोकाभोवती पट्टीवर तांब्याच्या तारेचे एक कडे बसवायचे आणि त्या कड्यालाही तेवढ्याच दाबावर ठेवायचे. दोन्हीकडे सारखीच पातळी असली की पाझर जाणार कुणीकडे? मी कडे आवक तारेला जोडून पाहिले. बाहेरचा दाब स्थिर असेपर्यंत सुई उभी राहते, पण तो बदलला की पुन्हा ढळते. कुठे चुकतो आहे ते कळत नाही.

रागावलात तरी उत्तर द्या.

मोहनसिंग

*

मेडशी,
१९ सप्टेंबर १९५७

चि. मोहनसिंग,

प्रथम तुझे कडे, कारण त्याविषयी लिहिणे सोपे आहे. कल्पना उत्तम आहे. जोडणी चुकली आहे. दार लावल्यानंतर पंख हलतच राहतो, म्हणजे आवक दाब बदलतच राहतो, आणि तुझे कडे त्याच्याबरोबर वाहवत जाते. कंडेन्सरमध्ये मात्र मागचा क्षण आहे. कडे जावक बाजूस जोड, व्हॉल्व्हच्या मागे, जेथे धरलेलाच दाब उमटतो. मग जे धरले आहे त्याच्या शेजारी तेवढेच राहील. मी येथे आकृती काढून सोबत ठेवली आहे. काचेचे मणीही घाल. ते तू आधीच सांगितले होतेस.

मुख्य साहेबांचे पत्र मला आले. चाचणी पुढे गेली. तुला लेखी ताकीद मिळाली ती योग्यच आहे. पट्टीची निवड माझी होती हे मी त्यांना कळविले असून माझ्या जागेविषयी ते दसऱ्यानंतर ठरविणार आहेत.

आता दुसरे. तुझ्या पत्राला मी तत्काळ उत्तर दिले नाही. सासूबाईंनी ऑगस्टमध्ये मला एक पत्र घातले होते आणि त्यात गोमतीचा "माहं काय चुकलं" हा जो प्रश्न होता तोच प्रश्न मी तुला लिहिलेल्या पत्रात माझा म्हणून लिहिला होता. हे मला तू दाखवून देईपर्यंत दिसले नाही. त्यांचा व तुझा असे दोन्ही कागद शेजारी ठेवून मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला सांगितले. सासूबाई ओसरीत तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवले. मी वाक्ये तयार केली होती.

"गोमती, येथे बस. मला आईविषयी सांगावयाचे आहे."

"मले नाई आयकाचं."

"आई बाजारात जात नाही. कोठेच जात नाही. ती माघ महिन्यातच वारली."

"वारली म्हंजे?"

मोहनसिंग, मी एम. एस्सी. आहे. मला दुसरा शब्द उच्चारता आला नाही. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मेली, माय. आपली कपिली गाय मेली ना, तशी. आता नाई येत ते."

मग गोमतीने तपासणी सुरू केली.

"हत्ती कोनं धाडला?"

"मोहनसिंग काकांनी."

"बाहुली?"

"त्यांनीच. मी सांगितले म्हणून."

"आईनं एकबी नाई?"

"एकही नाही."

"म्हंजे तिले येता येत होतं आन् आली नाई, असं नाई?"

"नाही. तिला येता येत नव्हते. शेवटपर्यंत ती तुझेच नाव घेत होती."

हे शेवटचे वाक्य खरे आहे; तू तेथे होतास. ती म्हणाली, "मंग ती माह्यावर रुसली नोती." हे तिने मला विचारले नाही, स्वतःलाच सांगितले. आणि त्यानंतर रडण्याऐवजी उठून मला मारू लागली. दोन्ही मुठींनी, जेथे हात पोचेल तेथे. "तुमी खोटं बोल्ले! तुमी खोटं बोल्ले!" मी होय म्हणालो. मग तिला रडू फुटले, आणि तिच्या पाठोपाठ सासूबाईंना. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मारोतराव बैल सोडून धावत आला व दारातच बसला. ज्या बाया वावरात तोंड फिरवून घेत होत्या त्या एकेक करून अंगणात आल्या आणि आमच्या ओसरीत ललितेचे सुतक त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू झाले. कोणी मला बोल लावला नाही. एका म्हातारीने मात्र जाता जाता म्हटले, "झाकल्यानं दुखनं निवत नाई, साहेब, सडते." मी मान लवविली.

दुसऱ्या दिवशी नवमी झाली. शेजारच्या गोजराबाई सवाष्ण म्हणून बसल्या. आईला काय आवडे हे गोमतीने मला विचारले. डाळीचे फुणके आणि कढी, असे मी सांगितले, आणि सासूबाई म्हणाल्या, "बराबर हाय." कढी गोमतीने स्वतः वाढली, थोडी सांडली.

रुपाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना नापास करण्याची माझी योग्यता नाही. जागा राहिली तर मी दसऱ्यानंतर गोमतीस घेऊन बंगळूरला येईन. न राहिली तरी तिला घेऊनच कोठेतरी असेन. मेडशी सोडताना तिला आजीची सवय मोडावी लागेल, त्याविषयीही तिच्याशी आधी बोलावयाचे आहे.

हे लिहीत असता ती येऊन शेजारी उभी राहिली आहे. कालपासून तिच्या मनात एक प्रश्न आहे, तो तिने आता विचारला. "तुमी काहून नाई रडले?"

मी म्हणालो, मला येत नाही.

ती म्हणते, "माह्याजवळ बसा. मी रडतो, मंग तुमालेबी येईन."

लेखणी ठेवतो. तिने जागा करून दिली आहे.